दगडाला एक क्रेदो

दोन्या इलारिया पोर्को, म्हणजे आमची इलारियाबाई, खाली बसली आहे असं कुणी सांगितलं, तर वरच्या बाजारात लोक त्याला वेड्यात काढतील. बाईच्या पायाला भिंगरी. सकाळी सातला गाळा उघडला की अकरापर्यंत ती निखाऱ्यांपासून पातेल्यापर्यंत, पातेल्यापासून बाकापर्यंत आणि बाकापासून पुन्हा निखाऱ्यांपर्यंत फिरत असते. गिऱ्हाइकाने अर्धं वाडगंही संपवलेलं नसतं, तोवर हिचा प्रश्न येतो, "गरम आहे ना? गार तर नाही झालं? आणा इकडे, दुसरा दगड टाकते." गिऱ्हाईक म्हणतं, "अहो बाई, जीभ भाजली माझी, जरा दम धरा." पण दम धरणं तेवढं तिला जमत नाही.

पूर्वी ती अशी नव्हती. चाळीस वर्षं तिने हाच गाळा शांतपणे चालवला, इतक्या शांतपणे की शेजारच्या भाजलेलं मांस विकणाऱ्या बाया तिला आळशी म्हणायच्या.

आमच्या पोतोसीत पाणी उकळतं लवकर आणि निवतं त्याहून लवकर. इतक्या उंचावर उकळत्या पाण्यालाही म्हणावा तसा जोर नसतो. बटाटा तासन् तास रडतो, आणि वाढलेलं वाडगं समोर ठेवून शेजाऱ्याची ख्यालीखुशाली विचारावी तर तेवढ्यात त्यावर साय धरते. म्हणून आमच्या आज्यापणज्यांनी कालापुर्का काढला. मक्याच्या पिठाची दाट, तिखट पेज, वर सुक्या मांसाचे तुकडे, आणि वाढल्यावर मधोमध सोडलेला एक तापलेला दगड. दगड पडला की पेज वाडग्यातच रटरटायला लागते आणि तळ दिसेपर्यंत रटरटत राहते. खाणीत उतरणाऱ्या माणसाला सकाळी पोटात एवढं ऊन गेलं की दुपारपर्यंत बघायला नको.

सगळी कला दगडात आहे. नदीतला गुळगुळीत दगड दिसायला देखणा, पण त्याच्या पोटात पाणी असतं, तो निखाऱ्यांत फुटतो. डोंगरावरचा काळा, भोकाभोकांचा दगड लागतो. तो लाल होईपर्यंत तापवायचा, पण लाल असताना वाडग्यात टाकायचा नाही. टाकला तर मातीचं वाडगं तळातून तडकतं आणि पेज गिऱ्हाइकाच्या अंगावर जाते. चिमट्यात धरून त्याला जरा हवा दाखवायची. फार दाखवली तर तो वाडग्यात पडून दोनदा ढेकर देतो आणि झोपतो. मग किती दाखवायची? एक क्रेदो.

क्रेदो म्हणजे रविवारी चर्चमध्ये म्हणतात ती 'मी विश्वास ठेवतो' ही प्रार्थना. जेवणवाल्यांच्या आमच्या रांगेत घड्याळ कुणी वापरत नाही. अंड्याला तीन क्रेदो, पुरी फुगायला एक छोटी 'नमो मारिया', दगडाला एक पुरता क्रेदो. इलारिया अकरा वर्षांची असताना खेड्यातून इथे आली, तेव्हा तिच्या मावशीने तिला हे शिकवलं. ओळ चुकली की पाठीत लाकडी डाव बसायचा. मावशी म्हणायची, "निखाऱ्यातून काढल्या काढल्या दगड उधळ्या असतो पोरी, पहिल्या ओळींतच निम्मी आग हवेला देऊन टाकतो. मधल्या ओळींत तो शहाणा होतो. शेवटी शेवटी चिक्कू, काही देत नाही. हवेच्या गारठ्यात आणि त्याच्या आगीत जितकं अंतर, तितकी त्याची घाई. तू घाई करायची नाहीस." मावशी गेली, गाळा इलारियाकडे आला, आणि चाळीस वर्षांत तिच्या हातून एक वाडगं तडकलं नाही.

आणि गेल्या दीड वर्षात सत्तावीस.

दीड वर्षापूर्वी तिचा मुलगा एलोय खाणीत गेला. सव्वीस वर्षांचा, हसरा, दुसरं कुणी लिंबू मागावं तसा आईकडे वाडग्यात जास्तीचा दगड मागून घेणारा. मंगळवारी सकाळी खाऊन गेला आणि आतला एक बोगदा बसला. इलारियाने त्या दिवशी गाळ्यावरचं मोठं पातेलं उचललं, तीन घोंगड्यांत गुंडाळलं आणि खाणीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पोरगा बाहेर आला की गारठलेला असणार, त्याला गरम मिळायला हवं. पेज निवायला लागली की ती तिथेच पेटवलेल्या निखाऱ्यांतला दगड आत सोडायची. पुन्हा निवली, पुन्हा दगड. मंगळवार, बुधवार, गुरुवार तिने ते पातेलं गार होऊ दिलं नाही. गुरुवारी दुपारी त्याला वर आणलं. तिने त्याच्या गालाला हात लावला आणि हात मागे घेतला. पातेलं तेव्हाही वाफाळत होतं.

ती रडली, सगळे रडले, पुरलं, नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या. दहाव्या दिवशी तिने गाळा उघडला. लोक म्हणाले, हळूहळू निवेल. त्या दिवसापासून ती बसली मात्र नाही.

पहिली काही वाडगी फुटली तेव्हा लोक गप्प बसले. दहा-बारा झाली तशी जिभा सैल सुटल्या. आमचं गावच खाणवाल्यांचं, त्याला मेल्या माणसाचं दुःख कळतं आणि जिवंत माणसाची थट्टाही आवरत नाही. एक टारगट तर शिरस्त्राण घालून बाकावर येऊन बसला. "कासेरा," जेवणवालीला मारतात तशी हाक मारून तो म्हणाला, "आज जेवण आहे की सुरुंग? सांगा, म्हणजे वात पेटवायच्या आधी पळतो."

"तुझ्या बापाने माझ्याकडे वीस वर्षं खाल्लं," इलारिया पातेल्यामागून ओरडली, "त्याला कधी टोपी लागली नाही. तुझंच डोकं नाजूक!"

सगळे हसले. पण शेवटी नको ते झालंच. ताता सेनोनच्या मांडीवर वाडगं फुटलं.

ताता सेनोन म्हणजे रांगेतलं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. तीस वर्षं खाणीत काढली आणि धूळ छातीत घेऊन बाहेर पडला. एक वाक्य बोलायला दोनदा थांबतो. एलोयला काढायला जे आत गेले होते त्यांना वाट दाखवायला हाच म्हातारा तीन दिवस तोंडाशी उभा होता. उकळती पेज मांडीवर सांडली तेव्हा तो ओरडला नाही, ओरडायला त्याच्याकडे श्वास नव्हता. दवाखान्यात पट्टी बांधली, आठवडाभर लंगडला, आणि पुन्हा त्याच बाकावर येऊन बसला. लोकांनी विचारलं, "ताता, पुन्हा इथेच?" म्हणाला, "दुसरी मांडी... शाबूत आहे."

पण गाळेवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षीण बाईंना विनोद कळत नाही. दोन्या तेओफिला वाईट नाही हो, पण हातात शिक्का आला की माणूस शिक्क्यासारखाच वागायला लागतो. ती दोघींना घेऊन गाळ्यावर आली.

"इलारिया, अगं मला पण वाईट वाटतं. पण माणूस भाजला. गाळ्यासाठी बाहेर एकवीस बायका नंबर लावून बसल्यात, त्या रोज माझं डोकं खातात."

"त्यांना म्हणावं, दगड ओळखून दाखवा आधी!"

"शनिवारी आम्ही तिघी येतो. तीन वाडगी खाऊ. एक जरी तडकलं, तरी गाळा सोडायचा. आता हे माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे? शिक्का तर तुझ्याच पिशवीत आहे!"

आठ दिवसांची मुदत मिळाली.

गाळा गेला असता तर इलारिया उपाशी मेली नसती. मुलगी नोर्मा बुटांच्या दुकानात कामाला होती, दोघींपुरतं मिळवत होती. पण इलारियाला घरी बसावं लागलं असतं. घर म्हणजे दोन खोल्या, आणि त्यातल्या एकीत एलोयची खाट. दिवसभर तिथे काही उकळत नसताना, कुणी ओरडत नसताना बसायचं. ती मुलीला म्हणाली, "मला मारून टाक, पण घरात बसवू नकोस." हे ती रागाने बोलली नव्हती. ती घाबरली होती.

मग सुरू झाली धावपळ. रविवारी तिने सगळे दगड फेकून दिले आणि दोन तासांची चढण चढून नवे आणले. सोमवारी एक वाडगं तडकलं. मंगळवारी तिने कुंभार बदलला, जाड बुडाची वाडगी घेतली. जाड वाडगी तडकली तेव्हा आवाज तेवढा मोठा झाला. बुधवारी तिने पाचामामाला, आमच्या धरणीमातेला, मक्याच्या दारूचे चार थेंब जास्त वाहिले. त्याने नुकसान तर काही झालं नाही.

गुरुवारी नोर्मा कामावर जाण्याआधी गाळ्यावर आली. "आई, हे बघ. तू क्रेदो म्हणतेस त्याचा भरवसा नाही. जिवाची घालमेल असली की माणूस भराभर म्हणतो. मी फोनवर वेळ लावते, घंटी वाजली की दगड टाकायचा. सोपं."

"फोनला काय कळतं दगडातलं?"

"दगडातलं नाही गं, सेकंदांतलं कळतं. म्हण एकदा, शांतपणे. मी मोजते."

इलारियाने दगड न घेताच शांतपणे, डोळे मिटून क्रेदो म्हटला. तिच्या ओठांची नुसती पुटपुट. नोर्माने मोजले, सव्वीस सेकंद. फोनवर सव्वीस लावले. पहिली पाच वाडगी निर्धास्त गेली. सहाव्याला घंटी वाजली, दगड पडला आणि वाडग्याची दोन शकलं झाली. पेज बाकावरून ओघळत खाली आली. नोर्मा फोनकडे बघत राहिली.

"बघ," इलारिया म्हणाली. "तुझा फोनही घाबरला."

शुक्रवार उजाडला. एकच दिवस हातात. ताता सेनोन नेहमीपेक्षा लवकर आला आणि बाकावर न बसता निखाऱ्यांजवळच्या ठोकळ्यावर टेकला. भाजलेल्या मांडीला थंडीने कळ लागत होती. इलारिया चिमट्यात दगड धरून पुटपुटत होती. म्हाताऱ्याला चर्चमधली सवय, कुणी क्रेदो सुरू केला की त्याचेही ओठ हलतात. तो तिच्याबरोबर म्हणायला लागला. तो 'पुरला गेला' इथपर्यंत आला, श्वास घ्यायला थांबला, आणि तेवढ्यात इलारियाने 'आमेन' म्हणून दगड टाकलाही.

आपलीच छाती अपुरी, असं त्याला वाटलं. पुढच्या दगडाला त्याने आधीच दम भरून घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्या दगडाला तो काही बोलला नाही, मान पुढे काढून त्याने नुसतं ऐकलं.

"पोरी," तो म्हणाला, "तुझा क्रेदो... लंगडा आहे."

"काय?"

"मधला तुकडा... गाळतेस तू."

"ताता, मांडी भाजली म्हणून काहीही बोलायचं का?" इलारियाचा आवाज चढला. "अकरा वर्षांची होते तेव्हापासून म्हणते मी! माझ्या पाठीवर डाव फुटलेत या क्रेदोसाठी! तुम्ही मला प्रार्थना शिकवणार? आधी स्वतःला एक ओळ सलग म्हणता येते का बघा!"

हे लागण्यासारखं होतं. म्हाताऱ्याला लागलंही. पण तो हलला नाही. "म्हण मग," तो म्हणाला. "मोठ्याने."

रांगेतल्या बाया माना वळवून बघायला लागल्या. इलारियाने डाव पातेल्यावर आपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं. सर्वसमर्थ बाप झाला, त्याचा एकुलता पुत्र झाला, कुमारी मारिया झाली, पिलाताच्या अमलाखाली सोसलेलं झालं, क्रुसावर खिळला, मेला, पुरला गेला, आणि मी पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवते...

ती थांबली.

समोरची मक्याची दारू विकणारी बाई हळूच म्हणाली, "अगं, मधलं राहिलं."

इलारियाने पुन्हा सुरू केलं. पुन्हा 'पुरला गेला', पुन्हा 'पवित्र आत्मा'. जीभ त्या दोन शब्दांमधून अशी उडी मारून गेली की जणू मधे काही नव्हतंच. मधे काय आहे हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. तो पाताळात उतरला, तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला, स्वर्गात वर गेला, न्याय करायला पुन्हा येणार. चार ओळी. दगड शहाणा होण्याच्या नेमक्या त्या चार ओळी.

दीड वर्ष ती रोज ते गाळत होती आणि तिला पत्ता नव्हता. मुलीने मोजले तेही हेच लंगडे सव्वीस सेकंद.

"तिसऱ्या दिवशी..." ताता सेनोन म्हणाला, आणि त्यालाही पुढे बोलवेना. तो तिथे होता ना त्या गुरुवारी.

"गप्प बसा!" इलारिया ओरडली. "तो उठला? माझा उठला का? तुम्हीच आणलात ना त्याला वर? मग खोटं कशाला बोलू मी रोज, पेजेच्या पातेल्यापाशी?"

तिने निखाऱ्यांवर पाणी ओतलं, भसकन वाफ झाली, आणि त्या दिवशी दोन्या इलारियाचा गाळा आठ वाजता बंद झाला. एकही गिऱ्हाईक कुरकुरलं नाही, तो शिरस्त्राणवालाही नाही.

संध्याकाळी नोर्माला सगळं कळलं. ती बिचारी व्यवहारी. म्हणाली, "आई, सोपं आहे. मी पूर्ण क्रेदो म्हणून बघितला, चाळीस सेकंद लागतात. फोनवर चाळीस लावते. तुला काहीच म्हणायला नको. उद्या तिघींची तीन वाडगी झाली की सुटलीस." इलारिया रात्रभर दोन्ही खोल्यांमधून फिरत राहिली.

शनिवारी सकाळी तेओफिला आणि तिच्या दोघी जणी ओळीने बाकावर बसल्या, मांडीवर जाड शाली घडी घालून. दुधाने तोंड पोळलेलं नसतानाच ताक फुंकून पिणाऱ्या बाया. मागे सगळी रांग हातातली कामं टाकून उभी. नोर्मा फोन हातात घेऊन आईच्या बाजूला. ताता सेनोन आपल्या ठोकळ्यावर, तोंडाला कुलूप लावून.

इलारियाने पेज वाढली. चिमट्याने लाल दगड उचलला. नोर्माने बटण दाबलं. आणि इलारियाचे ओठ हलायला लागले. सवयच ती, कशी जाणार? फरक इतकाच की आज ते मोठ्याने होतं. मेला. पुरला गेला.

इथे ती थांबली. दगडावरचा लाल रंग कडेने काळवंडत आत सरकत होता. कुणीतरी मागून कुजबुजलं, "म्हणा की बाई." नोर्माचा फोन वाजला, चाळीस झाले. नोर्मा म्हणाली, "आई, टाक."

इलारियाने टाकला नाही.

"तो पाताळात उतरला," ती म्हणाली. मग एवढा मोठा श्वास घेतला की डोंगर चढून आल्यासारखा. "तिसऱ्या दिवशी..." आवाज फाटला. ती रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, शब्द ओळखू येत नव्हते, पण ओळी होत्या, चारच्या चार. मग पवित्र आत्मा, मग पापांची क्षमा, मग आमेन. दगड वाडग्यात पडला.

वाडगं राहिलं. पेज एकदा उसळली, दोनदा बुडबुडली आणि निपचित पडली. दगड पार थंडावला होता.

तेओफिलाने चमचा बुडवला, चव घेतली. सगळी रांग तिच्या तोंडाकडे बघत होती. "कोमट आहे," ती म्हणाली. खरं बोलण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. मग नाक पुसून म्हणाली, "कोमट वाडगं म्हणजे काही फुटलेलं वाडगं नव्हे. पुढचं आण."

दुसरं जरा बरं झालं. तिसऱ्याला इलारिया तेवढ्या ओळींवर अडखळली, पण थांबली नाही. दगड पडला आणि पेज अशी रटरटली की तेओफिलाने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. वाडगं मात्र जागचं हललं नाही. ती तळ दिसेपर्यंत जेवली, उठली आणि पिशवीचा बंद आवळून चालायला लागली. जाता जाता एवढंच म्हणाली, "एकवीस जणींना सांगते मी, गाळा रिकामा नाही."

मग एकच गलका झाला. कुणी इलारियाला मिठी मारली, कुणी ताता सेनोनच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला खोकल्याची उबळ आली. नोर्मा डोळे पुसत फोनशी खटपट करत होती.

"आई, मी चाळीसच ठेवते लावून. आजचं झालं, पण रोज रोज तुला हे नको. दिवसाला साठ वाडगी असतात. साठ वेळा ते म्हणायचं? जीव जाईल तुझा. घंटी वाजली की दगड टाकायचा, तोंड मिटून."

इलारिया निखाऱ्यांतला पुढचा दगड चाचपत होती. तिने मुलीच्या हातातला फोन हलकेच बाजूला सारला.

"राहू दे बाळा," ती म्हणाली. "तो फोन नुसता चाळीस मोजतो. त्यात तिसऱ्या दिवशी माझा पोरगा वर येत नाही."